मोहोळ काढायचं आम्ही, बिल लावायचं ठेकेदाराने?



पाऊस उघडला. माळावर खुरासणी पिवळी झाली आणि आग्या माश्या परत आल्या. दर वर्षी याच दिवसांत त्या येतात, उन्हाळाभर राहतात आणि पाऊस लागायच्या सुमाराला निघून जातात. आपल्या म्हाताऱ्यांना हे कुणी शाळेत शिकवलं नाही. पूर्वी माशी उंबराला, सावरीला, मोठ्या आंब्याला नाहीतर कड्याच्या कपारीला बसायची. आता मोठी झाडं किती राहिली ते तुम्हीच मोजा. माशी बसते आश्रमशाळेच्या स्लॅबखाली, पाण्याच्या उंच टाकीला, मोबाइलच्या टॉवरला, पुलाच्या पोटाशी. खाली बोईसर-वाड्याकडे कंपनीच्या शेडला आणि वसई-विरारकडे बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांना.

या वेळी संपादकीय मोहोळावर लिहायचं ठरलं तेव्हा काही साथी म्हणाले, "जमिनीचे दावे पडून आहेत आणि तुम्ही माश्यांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. आधी काय चाललंय ते बघू.

काय चाललंय

शाळेला, ऑफिसला, कंपनीला मोहोळ बसलं की साहेब लोक घाबरतात. घाबरावंच. आग्या माशी चिडली तर लांबपर्यंत पाठ सोडत नाही. खूप डंख बसले तर माणूस मरतो. ज्याला माशीचं विष सोसत नाही तो एका डंखानेही मरू शकतो. म्हणून शाळेवरचं मोहोळ तसंच राहू द्या असं आपण म्हणत नाही. ते कोण काढतं, कसं काढतं आणि पैसे कुणाच्या खिशात जातात, याबद्दल आपण बोलतोय.

आज तीन प्रकार चालतात. पहिला फवाऱ्याचा. शहरातून माणूस येतो, विषारी औषध मारतो, सगळ्या माश्या खाली पडतात. पोळं तसंच वर लटकतं नाहीतर तुकडे होऊन अंगणात पडतं. पोरं ते तुकडे उचलतात, मध चोखतात. तो मध विष झालेला असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. दुसरा प्रकार मशालीचा. काठीला रॉकेलचं फडकं बांधायचं आणि पोळं जाळायचं. हजारो माश्या आणि त्यांची पिलं जळतात. ज्या वाचतात त्या पिसाळून जो दिसेल त्याला मारतात. उन्हाळ्यात ठिणगी गवतात पडली की वणवा लागतो, आणि मग केस आपल्यावर.

तिसरा प्रकार म्हणजे ठेकेदार घेतो काम आणि वर चढवतो आपल्या पोरांना.

गेल्या माघात आपल्या भागातल्या एका आश्रमशाळेत हेच झालं. मुलींच्या वसतिगृहाच्या स्लॅबला मोठं मोहोळ होतं. कुणीतरी दगड मारला. मुलींना माश्या चावल्या, दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं. शाळेने ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदाराने जवळच्या पाड्यावरून दोन कातकरी भाऊ आणले. दोर नाही, अंगाला जाळी नाही, हातात मशाल. त्यातला धाकटा कठड्यावरून खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. ठेकेदार मोटरसायकलवर बसून गेला. ऑफिसात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तो आमचा कामगार नाही." ठेकेदार म्हणाला, "मी मध देणार होतो, मजुरी बोललोच नव्हतो." त्या भावाने दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घेतली होती. पाय मोडल्यावर भट्टी बंद, आणि उचल अंगावर राहिली. ती आता पुढच्या हंगामात त्याची बायको आणि तो दोघं मिळून फेडणार. इकडे "मोहोळ काढणे" असं बिल मात्र पास झालं. आणि तीन आठवड्यांत त्याच स्लॅबला, त्याच जागी पुन्हा माशी बसली, कारण स्लॅबला चिकटलेलं मेण कुणी खरवडलंच नव्हतं.

विद्या आपली, जीव आपला, मोडला तो पाय आपला. बिल दुसऱ्याचं. आणि एवढं करून कामही धड झालं नाही.

जमिनीच्या लढ्यात मोहोळ कुठून आलं

आता त्या प्रश्नाचं उत्तर. इंग्रजांनी 1927 साली वन कायदा केला. त्यात लाकडाबरोबर जंगलातला मध आणि मेणसुद्धा वनउपज म्हणून लिहिलं. राखीव जंगलातून ते काढणं गुन्हा ठरलं. आपला आजा डब्यात मध घेऊन बाजाराला निघाला की नाक्यावर तो चोर. डबा जायचा, वर कोंबडी जायची. जमिनीबाबतही हेच झालं. आपण कसत होतो ती जमीन कागदावर फॉरेस्टची झाली आणि आपण अतिक्रमणवाले झालो. ज्या कायद्याने आपल्याला जमिनीवर चोर ठरवलं, त्यानेच मोहोळाखाली चोर ठरवलं.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे द्यायला सांगितली. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर नाव घेऊन लिहिलं. त्याच्या कलम 2 मध्ये गौण वनउपज म्हणजे काय ते दिलंय. त्यात बांबू आहे, तेंदूपान आहे, लाख आहे, आणि मध आणि मेणही आहे. कलम 3 म्हणतं की गौण वनउपजाची मालकी, ती गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा आपला हक्क आहे. कलम 5 म्हणतं की जंगल आणि त्यातले जीव राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे.

आपण दावे भरले ते बहुतेक कसणाऱ्या जमिनीचे. प्लॉट, नकाशा, म्हाताऱ्याचा जबाब, दंडाच्या पावत्या. ते बरोबरच केलं. पण सामूहिक दाव्याचा फॉर्म किती पाड्यांनी भरला? आणि ज्यांनी भरला त्यातल्या किती जणांनी त्यात मध लिहिला? लिहिला नाही तर उद्या साहेब म्हणतील, "तुम्ही कुठे मध काढत होतात? पुरावा काय?" पुरावा आपल्या अंगणात बसलाय. साठ-सत्तर वर्षांचा जो माणूस कुठल्या कड्याला कुठल्या महिन्यात माशी बसते ते सांगू शकतो, त्याचा जबाब हाच पुरावा. जाणत्यांचे जबाब कायद्याच्या नियमांमध्ये पुरावा म्हणून चालतात. तो माणूस जिवंत आहे तोवर जबाब लिहून घ्या.

म्हणून मोहोळ हा जमिनीच्या बाहेरचा विषय नाही. आणि पोटाचं बोलायचं तर खुरासणीलाच विचारा. खुरासणीला तिच्याच झाडाचा पराग लागत नाही, दुसऱ्या झाडाचा यावा लागतो. तो माशी आणते. माशी नाही तर फूल येतं पण दाणा भरत नाही. आंबा, जांभूळ, वालीचे वेल, दुधी, काकडी, सगळीकडे माशीचा हात आहे. एका शाळेवर औषध मारलं तर आजूबाजूच्या शेतांचं नुकसान होतं. त्याचा पंचनामा कोण करतं?

माशी ओळखा, मग हात लावा

सगळ्या माश्या एक नाहीत. शहरातले लोक कुठलीही माशी दिसली की औषध आणतात. आपल्या पोरांनाही आता फरक सांगावा लागतो, म्हणून इथे लिहितो.

आग्या माशी मोठी. उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते. तिला पेटीत पाळता येत नाही. हंगाम संपला की आपणहून जाते.

सातेरी माशी आग्यापेक्षा लहान. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या भोकात, जुन्या पेटाऱ्यात राहते. एकाला एक लागून सात-आठ पोळी बांधते. ही पेटीत पाळता येते.

फुलोरी माशी बारीक. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करते. तिचा कुणाला त्रास नाही. वाटेत असेल तर फांदी हळू कापून दुसऱ्या झाडाला बांधावी.

कधी कधी माश्यांचा नुसता घोस फांदीला लटकलेला दिसतो, पोळं नसतं. तो वाटेवरचा थवा आहे, विसाव्याला थांबलेला. एक-दोन दिवसांत उडून जातो. तिथे पोरांना जाऊ देऊ नका, बाकी काही करू नका.

न मारता कसं काढायचं

जाणत्या लोकांना विचारून आणि काम बघून हे लिहिलं आहे. ज्याने कधी मोहोळ काढलं नाही त्याने हे वाचून वर चढू नये. जाणत्याबरोबर दोन-चार हंगाम खाली उभं राहून मग चढावं.

आग्या मोहोळ माणसांच्या वाटेपासून लांब, उंचावर असेल तर ते राहू द्यावं. फलक लावावा, दगड मारू नये, खाली चूल पेटवू नये, जवळचा बल्ब रात्री बंद ठेवावा. रात्री माशी उजेडाकडे येते, आणि वसतिगृहात पोरांना डंख बसतात ते बरेचदा यामुळेच. पाऊस लागायच्या आत मोहोळ आपोआप रिकामं होतं.

शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा ठिकाणी थांबता येत नसेल तर आधी माणसं आणि गुरं हलवायची. दारं-खिडक्या लावायच्या, दिवे बंद. अंगभर जाड कपडे, तोंडाला जाळी, हातमोजे, कमरेला दोर. वर दोन माणसं, खाली दोन. बॅटरी लागली तर काचेला लाल कागद लावायचा, लाल उजेड माशीला दिसत नाही. ओल्या पाल्याचा धूर हळूहळू द्यायचा, जाळ नाही. धुराने माश्या पोळ्यावरून सरकतात. मग मधाचा जाड भाग आधी कापून स्वच्छ डब्यात घ्यायचा आणि पोळं उतरवायचं. माश्या जवळच घोस करतात आणि काही दिवसांत दुसरीकडे जातात. शेवटी जागा खरवडून मेण काढायचं आणि वर चुना मारायचा. मेणाचा वास राहिला तर माशी परत येते, हे त्या आश्रमशाळेत दिसलंच.

जंगलात मध काढताना पोळं उतरवायचीही गरज नाही. मध वरच्या बाजूला असतो, पिलं खाली. मधाचा तेवढा भाग कापला आणि पिलं ठेवली तर माशी तिथेच राहते, मध पुन्हा भरते. काही पाड्यांत अजून मशालीने सगळं जाळून एका रात्रीचा मध काढतात. म्हातारे म्हणतात, पिलं खाल्लीस तर पुढच्या साली काय खाशील? हे पोरांनी ऐकलं पाहिजे.

सातेरी भिंतीत शिरली असेल तर तिला जिवंत पेटीत नेता येतं. थोडा धूर द्यायचा, भोक मोठं करायचं, एक एक पोळी कापायची. पिलांच्या पोळ्या पेटीच्या चौकटीत दोऱ्याने बांधायच्या, वरची बाजू वरच ठेवून. राणीमाशी सापडली आणि पेटीत गेली की बाकीच्या मागून येतात. पेटी रात्रीपर्यंत तिथेच ठेवायची म्हणजे रानात गेलेल्या माश्याही परत येऊन आत शिरतात. मग तोंड बंद करून पेटी दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची. जवळच ठेवली तर माश्या जुन्याच जागी फिरत राहतात. पेट्या आणि शिक्षण देण्यासाठी महाबळेश्वरला खादी-ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि पुण्याला 1962 पासून मधमाशीची केंद्रीय संस्था आहे.  आपल्या तालुक्यात शिबिर घ्या अशी मागणी आपण करू.

माशी बसूच नये म्हणून काय करायचं ते सोपं आहे. भाद्रपद-आश्विनात, माशी यायच्या आधी, शाळेची इमारत बघून घ्यायची. जुनं मेण खरवडायचं. भिंतीची भोकं मातीने नाहीतर सिमेंटने बुजवायची. हवेच्या खिडक्यांना बारीक जाळी, टाकीला झाकण. एवढं काम एका दिवसाचं आहे. ते झालं तर माघात कुणाचा पाय मोडत नाही.

माशी मागे लागलीच तर हातवारे करू नका, तोंड झाकून सरळ पळा आणि घरात शिरा. एक माशी चावली की तिच्या डंखाचा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून तिथे थांबायचं नाही. पाण्यात उडी मारू नका, माशी वर वाट बघते. डंख नखाने खरवडून काढा. दम लागला, तोंड सुजलं, चक्कर आली तर भगताकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

मेंढा गावाने काय केलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं गाव आहे. 2009 साली सामूहिक वनहक्काचा कागद मिळालेलं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. पण कागद मिळायच्या कितीतरी आधी त्या गावाने अभ्यास गट केले होते, आणि त्यात मधाचाही गट होता. माश्या न मारता मध कसा काढायचा ते त्यांनी शिकून घेतलं आणि तसं करायचं ठरवलं. जंगल राखायचं कसं ते त्यांनी आधी ठरवलं, सरकारचा कागद मागून आला. आपल्याकडेही जाणकार आहेत. त्यांना एकत्र बसवायचं काम राहिलंय.

काय करायचं

संघटनेचं म्हणणं असं आहे की या महिन्याच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव करावा. ठरावात पुढच्या गोष्टी असाव्यात.

1. आमच्या गावच्या हद्दीत कुणीही मोहोळ जाळणार नाही, औषध मारणार नाही. सरकारी इमारतीवरही नाही.

2. गावातल्या जाणत्या लोकांचा मोहोळ गट करावा. कातकरी भाऊ या कामात सगळ्यात पुढे आहेत, त्यांना गटात पुढे ठेवावं, फक्त चढायला नको. नवीन पोरं त्यांच्या हाताखाली शिकतील.

3. शाळा, दवाखाना, कंपनी, सोसायटी, ज्याला मोहोळ काढायचं असेल त्याने गटाला बोलवावं, ठेकेदाराला नाही. दर ग्रामसभा ठरवेल. मजुरी रोख मिळेल. मध हा मजुरीच्या बदल्यात नाही, मध वेगळा.

4. दोर, जाळी, हातमोजे काम देणाऱ्याने द्यायचे. ते नसतील तर कुणी चढणार नाही, साहेब कितीही ओरडले तरी.

5. कामावर माणूस जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे 1923 पासून कायद्यात आहे. म्हणून काम घेण्याआधी एका कागदावर लिहून सही घ्यायची की काम कुणी दिलं, कुणी केलं, दर काय. तोंडी बोलण्यावर एकही मोहोळ काढायचं नाही.

6. सामूहिक दाव्यात मध आणि मेण नावाने लिहायचं. ज्यांचा दावा गेला आहे त्यांनी जोडपत्र द्यावं, आणि म्हाताऱ्यांचे जबाब जोडावेत.

आणखी एक काम प्रत्येक तालुक्यातल्या दोन शिकलेल्या पोरांनी करावं. 2005 च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. आश्रमशाळांमध्ये मोहोळ काढण्यासाठी गेल्या तीन वर्षांत किती बिलं निघाली, कुणाच्या नावाने, किती रुपयांची, आणि प्रत्यक्ष काम केलेल्या मजुरांची हजेरी कुठे आहे, एवढंच विचारा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तरं आली की संघटनेकडे द्या, पुढच्या अंकात छापू.

त्या पाय मोडलेल्या भावाचा अर्ज संघटनेने लिहिला आहे. बिलाची नक्कल मागितली आहे. नुकसानभरपाई मिळेपर्यंत आपण ते सोडणार नाही. तारखेच्या दिवशी प्रत्येक पाड्यावरून दोन माणसं यावीत, त्यात एक बाई असावी. सोबत भाकरी आणावी, कारण साहेब संध्याकाळपर्यंत भेटत नाहीत हे आता सगळ्यांना माहीत आहे.

कागद महाग आहे, स्टेन्सिल एकच होती, म्हणून प्रती कमी निघाल्या. ज्याच्या हातात हा अंक पडेल त्याने पाड्यावर संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ठरावाचे सहा मुद्दे कुणाकडून तरी वहीत उतरवून घ्यावेत. ग्रामसभेला जाताना ती वही बरोबर न्या.

जंगल आमचं, मोहोळ आमचं, मजुरीही आमचीच!

जिंदाबाद.